आत चार घरं, बाहेर एकच नंबर

१

जग विश्वासावर चालतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. बुढापारा मोहल्ल्यातली मैत्री अपार्टमेंट मात्र एका निळ्या वायरीवर चालत होती.

ही वायर जिन्याखालच्या लाकडी कपाटात होती. कपाट मुळात चपलांचं. तळमजल्यावरच्या गुलाबराव मेश्रामांचा मुलगा संघर्ष याने एके दिवशी त्यातल्या चपला बाहेर काढल्या, भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर आत ठेवला, त्यात लिनक्स घातलं, पाठीला दोन अँटेना लावल्या आणि जाहीर केलं की आजपासून हाच आपला वायफाय. इंटरनेट कंपनीची पांढरी डबी कपाटाच्या आतल्या भिंतीवर. डबीतून निळी वायर कॉम्प्युटरात, आणि कॉम्प्युटरातून हवेतून चारही घरांत. डबीला स्वतःचाही वायफाय होता, पण तो पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत धापा टाकायचा. म्हणून संघर्षने तो बंदच करून टाकला. कनेक्शन गुलाबरावांच्या नावावर.

"आत चार घरं असू द्या, बाबा," तो तेव्हा म्हणाला होता, "बाहेरच्या जगाले एकच नंबर दिसते. तुमचा."

गुलाबरावांची छाती फुगली होती. रेल्वेत उभी हयात त्यांनी गार्ड म्हणून शेवटच्या डब्यात काढली होती. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना इंजिनात बसवलं होतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी, दुसऱ्या मजल्यावरच्या क्षमा पिंपळकर खाली आल्या, तेव्हा गुलाबराव जिन्यात पेपर वाचत होते. क्षमा एका खाजगी शाळेत गणित शिकवत. नवरा नोकरीनिमित्त जगदलपूरला. एरवी त्या "काका, चहा झाला का?" विचारून पुढे जात. आज थांबल्या.

"काका, आठवीचा गणिताचा पेपर फुटला. मी काढलेला."

"अरेरे," गुलाबराव म्हणाले. दुसऱ्याच्या संकटावर म्हणतात तसं.

"शाळेच्या वेबसाइटवर गृहकार्याचं पान आहे, सगळ्या पोट्ट्यांले दिसते, तिथं कोणीतरी टाकून देल्ला. नवमीच्या दुपारी. आमच्याकडे सगळ्या मास्तरांचा पासवर्ड एकच, म्हणून नाव कोणाचंच येत नाही. पण इंटरनेटच्या कोणत्या नंबरावरून टाकला ते शाळेच्या कॉम्प्युटरवाल्यानं काढलं." क्षमांनी गुलाबरावांकडे पाहिलं. "नंबर तुमचा आहे, काका."

गुलाबरावांनी पेपर खाली ठेवला.

"उद्या मले कमिटीसमोर बोलावलं. चोर दाखवा, नाहीतर राजीनामा द्या म्हणते. मी शाळेले पेपर पाठवला तो याच कपाटातून. मधात संघर्षचं मशीन बसलं आहे, सगळं त्याच्यातूनच जाते. त्यानंच उचलला असंन. मी आता पोलीस ठाण्यात चालली."

संघर्ष बंगळुरूला होता. त्याला सरकारी नोकरी लागली होती. लागली म्हणजे, लागायची होती. पोलिसांची पडताळणी तेवढी बाकी होती. तिचे कागद त्याच ठाण्यात पडले होते जिथे क्षमा निघाल्या होत्या.

गुलाबराव उठले. जिन्याच्या तोंडाशी असलेलं लोखंडी चॅनल गेट त्यांनी खर्रकन ओढलं आणि कुलूप घातलं.

"जोपर्यंत याचा छडा लागत नाही," ते गरजले, "तोपर्यंत या बिल्डिंगमधून कोणी बाहेर जाणार नाही!"

हे वाक्य जोरात म्हणताना त्यांनी किल्लीही जोरात फिरवली. अर्धी किल्ली त्यांच्या हातात आली. अर्धी कुलपात राहिली.

२

चावीवाल्याला फोन लावला. तो अभनपूरला सासुरवाडीत होता. "निकलता हूँ, भैया," तो म्हणाला. मागे कोणीतरी त्याला अजून एक भजं घ्यायचा आग्रह करत होतं.

तोवर बातमी जिन्याने वर गेली होती. पहिल्या मजल्यावरचे अनंतराव बोकारे पिशवी घेऊन उतरले. रविवारी ते पोहे-जलेबी आणायला जात. गच्चीवरच्या खोलीतला प्रफुल्ल ढोमणे लॅपटॉपची बॅग पाठीला लावून उतरला. पंडरीत त्याचा कोचिंग क्लास होता, आणि बॅच थांबली होती. दोघांनी गेटला हात लावून पाहिला. गेट रेल्वेच्या माणसाने पसंत केलेलं होतं. हललं नाही.

गुलाबरावांनी वर पाहिलं. खिडक्यांना जाळ्या, गच्चीला जाळी, जिन्याला गेट. चोर आत येऊ नये म्हणून त्यांनीच भांडून भांडून हे सगळं लावून घेतलं होतं. चोर आत असला तर काय करायचं, याचा विचार मीटिंगमध्ये निघाला नव्हता.

"आता कोंडलंच आहे," मागून आवाज आला, "तर विचारून घेऊ एकेकाले."

सत्यभामाबाई स्वयंपाकघरातून हात पुशीत आल्या होत्या. गुलाबरावांच्या या पत्नी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉलच्या काळापासून. कानाला यंत्र लावून अर्ध्या मध्य भारताची भांडणं, सोयरिकी आणि थापा त्यांनी जोडून दिल्या होत्या. त्यामुळे समोरचा बोलत असताना मध्ये न बोलण्याची त्यांना सवय होती. लोक या सवयीला फार घाबरत.

त्या शेवटच्या पायरीवर बसल्या. "अनंतराव, बोला."

"मी काय बोलू, वहिनी?"

सत्यभामाबाई गप्प राहिल्या.

"आता माझा नातू पराग त्याच शाळेत आठवीत आहे, हे खरं आहे," अनंतराव आपणहून म्हणाले. "गणितात कच्चा आहे हेबी खरं आहे. मांगच्या वेळी भोपळा आणला पोट्ट्यानं. पण म्हणून मी पेपर चोरीन? सरकारी कचेरीत जिंदगी गेली माझी!"

"म्हणूनच विचारून राहिलो," गुलाबराव पुटपुटले.

"आणि नवमीले नेट होतंच कुठं? मी मॅच पाहून राहिलो होतो. ऐन वेळेवर ते चक्र गोल गोल फिरलं आणि बंद. दिवसभर बंद. मेश्राम, तुमी नागपूरले होते म्हणून शिव्या घातल्या नाही, नाहीतर घातल्या असत्या."

प्रफुल्लची पाळी आली. मराठी त्याला कळत असे, पण बोलायचा तो हिंदीत. विदर्भ सोडून आलेल्या घराण्यातली तिसरी पिढी.

"आंटी, मेरे पे शक करना बनता है," तो म्हणाला. "मेरी क्लास में उसी स्कूल के बच्चे हैं. पेपर मिल जाता तो मेरा तो बोर्ड ही चमक जाता. लेकिन मिला होता तो मैं सबको दिखाता क्या? चुपचाप सिर्फ अपनी बॅच को कराता ना?"

मुद्दा इतका नीच होता की पटला.

"आणि नवमीले काय करत होता?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"नेट ही नहीं था उस दिन. मोबाइल के डेटा पे काम चलाया."

गुलाबरावांनी बायकोला बाजूला घेतलं. "दोघंही खोटं बोलून राहिले. नेट नव्हतं, तर पेपर काय टपालानं गेला?"

"अवो, दोन माणसं मिळून खोटं बोलली की थोडं थोडं वेगळं बोलतात. यांचं सारखं येऊन राहिलं. म्हणजे काहीतरी खरं आहे."

एवढ्यात अनंतरावांना सुचलं. "अरे, पण संघर्ष तिकडून मशीन चालवते ना? बंगलोरात बसून? तोच तर सांगत होता मागच्या दिवाळीत!"

क्षमांनी फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"हो," पलीकडून संघर्ष म्हणाला. "मले इथून त्या मशीनमध्ये शिरता येते."

पोराला खरं बोलायची सवय गुलाबरावांनीच लावली होती. आज पहिल्यांदा वाटलं, थोडी कमी लावायला हवी होती.

३

"येते म्हणजे काय," सत्यभामाबाई फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "नवमीले शिरला होता का?"

"प्रयत्न केला होता, आई. काहीतरी अपडेट टाकायचं होतं. मशीन लागलंच नाही."

"आता तो असंच म्हणंन," क्षमा म्हणाल्या.

सत्यभामाबाईंनी वाकून कपाटाचं दार उघडलं.

आत कॉम्प्युटर होता. त्याच्या कपाळी, म्हणजे जिथे चालू करायचं बटन असतं तिथे, हळदीकुंकवाचं बोट उमटलं होतं. डोक्यावर अक्षता होत्या. पाठीमागे, वायरींच्या गुंत्यात, झेंडूची फुलं वाळून पडली होती.

मेश्रामांच्या घरात पूजा होत नसे. पण मशीन जिन्यात राहत होतं, आणि जिना सगळ्यांचा होता.

"इंदूताई!" सत्यभामाबाईंनी वर पाहून हाक मारली.

अनंतरावांच्या पत्नी इंदूबाई पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून हा तपास सुरुवातीपासून पाहत होत्या. हातात सोललेला लसूण होता. त्या उतरल्या.

"हव, मीच केली. खंडेनवमी होती ना! सगळ्यांची हत्यारं पुजायची असतात. दरवर्षी फक्त आमच्या घरचीच होते. यंदा म्हटलं, अख्ख्या बिल्डिंगची करू. आमच्या ह्यांचा कचेरीतला शिक्का ठेवला पाटावर. प्रफुल्लचा तो फळ्यावर लिहायचा पेन ठेवला. क्षमाले म्हटलं, बाई, तुझं हत्यार दे, तर तिनं चष्मा देल्ला. म्हणे याच्याशिवाय मी शून्य. तुमचं हत्यार म्हणजे हे मशीन. ते काही उचललं नाही मले, म्हणून इथंच केली."

"आमाले विचारायचं तरी," गुलाबराव म्हणाले.

"तुमी दीक्षाभूमीले गेलते पहाटेच. मालक घरी नाही म्हणून हत्यारानं उपाशी राहावं?"

"आणि पूजा झाल्यावर?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"पूजा झाल्यावर काय? पुजलेल्या हत्याराले त्या दिवशी काम सांगू नाही. ते समोरचं बटन दाबलं, निजवलं त्याले. दसऱ्याच्या सकाळी पुन्हा दाबलं, उठलं."

अनंतरावांनी पिशवी कपाळावर मारून घेतली. "म्हणजे माझी मॅच तू बंद केली?"

"मॅच काय, दरवर्षी होते," इंदूबाई म्हणाल्या.

गुलाबरावांनी बोटांवर मोजायला घेतलं. मशीन बंद म्हणजे वायफाय बंद. म्हणून मॅच थांबली, म्हणून प्रफुल्ल डेटावर गेला, म्हणून बंगळुरूच्या संघर्षला मशीन सापडलं नाही. निजलेल्या मशीनमध्ये कोणी शिरत नाही!

"सुटला!" ते ओरडले. "माझा पोट्टा सुटला!"

"सुटला कसा?" क्षमांनी थंडपणे विचारलं. "पेपर नवमीच्याच दुपारी टाकला, आणि तुमच्याच नंबरावरून. काका, मशीन जर दिवसभर निजलं होतं, तर तो टाकला कोणी?"

गुलाबरावांनी गेटकडे पाहिलं. बाहेर रस्त्यावरून एक स्कूटरवाला शीळ घालत चालला होता. स्वतंत्र माणूस. त्याच्या नावावर त्याचं एकट्याचंच इंटरनेट असणार.

४

सत्यभामाबाईंनी संघर्षला फोनवर एकच प्रश्न विचारला. "त्या पांढऱ्या डबीचं बटन वेगळं आहे ना?"

"वेगळं. ती चालूच असते."

"मंग मशीन निजलं असताना डबीतून नेट घ्यायचं तर?"

"निळी वायर मशीनमधून काढायची आणि सरळ आपल्या कॉम्प्युटरले लावायची. दुसरा मार्ग नाही. नंबर बाहेर तोच दिसंन, आपला."

त्यांनी फोन ठेवला. मशीनच्या पाठीमागे हात घातला, निळ्या वायरीचं टोक दाबून बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. टोकावर काहीतरी चिकटलं होतं. झेंडूची एक पाकळी, चेपून कागदासारखी झालेली.

"इंदूताई, फुलं वाहिली तेव्हा ही वायर लावलेली होती?"

"हव. मी वायरीले हात लावत नाही, शॉक लागते."

"मंग पाकळी भोकाच्या आत गेली कशी?"

कोणी बोललं नाही. बाई बोलत नसल्या की सगळे बोलतात, हे सूत्र पहिल्यांदाच फसलं होतं.

"फुलं नवमीच्या सकाळी पडली," त्याच म्हणाल्या. "त्याच्यानंतर कोणीतरी वायर काढली आणि परत खुपसली. तवा पाकळी मधात चेपली. ज्यानं वायर काढली त्यानं पेपर टाकला." त्यांनी वायर पायरीवर ठेवली. "आता सगळ्यांनी आपापलं मशीन आणा. ज्याच्यात ही बसंन, तो."

गुलाबरावांच्या मनात आलं, आपण हिला अडतीस वर्षं फक्त भाजीत मीठ किती हे विचारलं.

प्रफुल्लने बॅगेतून लॅपटॉप काढला. पापडासारखा पातळ. चारही बाजूंनी फिरवून पाहिला. वायरीचं टोक त्या लॅपटॉपपेक्षा जाड होतं. "आंटी, इसमें छेद ही नहीं है," तो म्हणाला, आणि एवढा महाग लॅपटॉप घेतल्याचं समाधान त्याला पहिल्यांदाच मिळालं.

अनंतरावांनी वरून टॅब्लेट आणला. मुलगी अनुश्रीने वाढदिवसाला दिलेला. त्याला चार्जिंगचं भोक होतं आणि हेडफोनचं. अनंतरावांनी वायर दोन्हींत घालून पाहिली. प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून जरा जास्तच जोर लावला.

मेश्राम दांपत्याकडे फक्त मोबाइल होते, आणि नवमीला ते मोबाइलसकट नागपुरात होते.

उरलं एकच घर.

"क्षमा," सत्यभामाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुझा शाळेचा लॅपटॉप आण, बेटा."

तो आला. शाळेने दिलेला, मागच्या दशकातला, पोळपाटाएवढा जाड. त्याच्या कुशीत एक चौकोनी भोक होतं.

वायर टक्कन बसली. बाजूचा हिरवा दिवा लुकलुकू लागला.

५

"हे काय, असं का पाहून राहिले सगळे?" क्षमा म्हणाल्या. "मीच लावली होती वायर. मी नाही कधी म्हणाली? सकाळपासून सांगून राहिली, पेपर मी कपाटातून पाठवला! नेट गेलं तर निळी वायर लॅपटॉपले लावा, हे संघर्षनंच शिकवलं होतं."

गुलाबरावांना आठवलं. 'याच कपाटातून.' बाईंच्या लेखी कपाटात जे काही होतं ते सगळं संघर्षचं मशीन होतं. वायर, डबी, दार, बिजागरी.

"पण मी पेपर परीक्षा विभागात टाकला," क्षमा म्हणाल्या. "गृहकार्यात नाही. मी काय येडी आहो?"

"कुठं बसून टाकला?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"इथंच. वायर कपाटाबाहेर वीतभर येते फक्त."

"बस तशीच. जसं त्या दिवशी."

क्षमा शेवटच्या पायरीवर टेकल्या. लॅपटॉप मांडीवर, मान वाकडी, अर्धं डोकं कपाटात. शाळेचं पान उघडलं.

"चष्मा दे," सत्यभामाबाईंनी हात पुढे केला.

"काकू, चष्म्याशिवाय मले..."

वाक्य तिथेच राहिलं. इंदूबाईंच्या हातातला लसूण खाली पडला.

"अवो, चष्मा तर माझ्या पाटावर होता! दसऱ्यापर्यंत!"

"पूजेतलं मागायचं कसं," क्षमा अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "पेपर तर आधीच टाइप करून ठेवला होता. म्हटलं, फक्त बटनच दाबायचं आहे. एवढं काय."

त्यांनी चष्मा काढला. डोळे बारीक केले. पडद्यावर दोन निळी बटनं शेजारी-शेजारी होती. त्यांनी पूर्ण आत्मविश्वासाने एक दाबलं. सत्यभामाबाईंनी चष्मा परत त्यांच्या नाकावर ठेवला.

बटनावर 'गृहकार्य' असं लिहिलं होतं.

क्षमा बराच वेळ कपाटातून बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे भरले होते. "म्हणजे चोर मीच. उद्या कमिटीपुढं काय सांगू? माझ्या वर्गातल्या सगळ्या पोट्ट्यांच्या हातात मीच पेपर ठेवला. नोकरी गेली माझी."

गुलाबरावांचा मुलगा सुटला होता. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण समोरची बाई आता त्याच पिंजऱ्यात बसली होती ज्यात ते सकाळपासून होते, आणि दार लावणारे तेच होते. त्यांनी हातातली अर्धी किल्ली खिशात घातली.

"अनंतराव," सत्यभामाबाई एकदम म्हणाल्या, "पेपर नवमीपासून पोरांच्या पानावर होता. परागनं पाहिला असंन ना?"

अनंतरावांनी नातवाला फोन लावला. तो आईबापाबरोबर समता कॉलनीत राहत होता.

"पराग, खरं सांग. शाळेच्या साइटवर गणिताचा पेपर पाहिला का?"

"कहाँ?"

"गृहकार्याच्या पानावर."

"आजोबा," पराग म्हणाला, "छुट्टी में होमवर्क का पेज कौन खोलता है?"

प्रफुल्लने आपल्या बॅचला विचारलं. मुलांनी सामूहिक हसण्याची चित्रं पाठवली. क्षमांनी, या वेळी चष्मा लावून, पान खाली सरकवलं. पेपराखाली बारीक अक्षरांत लिहून येत होतं, कोणी कोणी उघडला ते. तिथे एकच नाव होतं. मुख्याध्यापकांचं.

बाहेर चावीवाल्याने गेट वाजवलं. कुलूप पाहून तो म्हणाला की हे आतून तोडावं लागेल, आणि हातोडी जाळीतून आत दिली.

कमिटीने पेपर फुटला नाही असा निर्णय दिला. संघर्षची पडताळणी झाली. परीक्षा ठरल्या दिवशी, त्याच पेपरवर घेतली गेली.

पराग गणितात नापास झाला.